पांढरी पाच ते काळी चार

वसईतल्या आमच्या गास गावात लाईट गेली की मी रेकॉर्डर बाहेर काढतो. पंखे थांबतात, शेजारच्या वाडीतला पंप गप्प होतो, फ्रिजची घरघर बंद पडते आणि वायरिंगमधून घरभर मुरलेली पन्नास हर्ट्झची गुणगुण एकदम निघून जाते. रेकॉर्डर बॅटरीवर चालतो. पावसाळा असला तर बावखलातले बेडूक ऐकू येतात. ते मी राहू देतो.

बावखलं म्हणजे वाड्यांना पाणी मिळावं म्हणून आमच्या पूर्वजांनी खोदलेली गोड्या पाण्याची तळी. त्यांतली कितीतरी बुजवली गेली, वर इमारती आल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती ज्या हिरव्या पट्ट्यासाठी लढली, त्यातल्या उरलेल्या एका बावखलाच्या काठी मी राहतो. माझ्या गाण्यात बेडूक आहेत, कारण ते इथे अजून आहेत.

मी गिटार वाजवतो, गाणी रचतो आणि घरातच मुद्रित करतो. काही मराठीत, काही कादोडीत, म्हणजे आम्ही कुपारी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण घरात बोलतो त्या बोलीत. रचायला मी शिकलो ते लग्नाच्या मांडवात बायका म्हणतात त्या गाण्यांवरून. ती गाणी पाठ असलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. पलीकडच्या आळीतल्या मावशींना त्यांतली सगळ्यांत जास्त येतात, म्हणून ती मुद्रित करायला सुरुवात त्यांच्यापासून केली.

अंधेरीतल्या एका स्टुडिओत वेळ घेतली होती. विरारहून सुटलेली लोकल वसईत येते तीच भरलेली, म्हणून दुपारच्या गाडीने मावशींना नेलं. स्टुडिओ उत्तम होता. काचेच्या पलीकडे एकट्या बसलेल्या मावशींच्या कानाला हेडफोन, त्यात ठेक्यासाठी टिकटिक. पहिलं कडवं नीट आलं. दुसऱ्याला त्या अडल्या. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथेच. शेवटी हेडफोन काढून म्हणाल्या, "झील कोण धरणार रे बाबा? मी एक ओळ म्हणायची, ती समोरून परत आली की पुढची मला सुचते."

माझ्या सगळ्या कामाची दिशा त्या वाक्यानं ठरवली. मावशींना गाणं पाठ होतं, पण ते एकट्या मावशींचं नव्हतं. निम्मं समोर बसणाऱ्या बायकांकडे होतं आणि थोडं हातातल्या कामाकडे. पुढच्या आठवड्यात त्यांच्याच ओट्यावर चौघी जमल्या, मध्ये वालाच्या शेंगांची पाटी. शेंगा सोलता सोलता तेच गाणं अखेरपर्यंत आलं, स्टुडिओत न सुचलेल्या कडव्यांसकट. रेकॉर्डर मी त्यांच्या तोंडासमोर धरला नाही. पाटीच्या जरा मागे, उशीवर ठेवला आणि भिंतीचा घुमारा मारायला मागे गोधडी टांगली. शेंग मोडल्याचा आवाज त्यात स्पष्ट येतो. बायकांची लय त्या मोडण्यावर चालते, म्हणून तो काढून टाकला तर गाण्याचा ठेकाच जाईल.

मग गिटारची पंचाईत झाली. मावशी पांढरी पाचमध्ये सुरू करतात आणि शेवटच्या कडव्याला काळी चारवर पोचलेल्या असतात. सूर इतका हळू चढतो की गाणाऱ्यांना जाणवतही नाही. संगणकावर तो सपाट करता येतो. मी एकदाही केला नाही. त्या चढण्यात चौघींचा वाढत गेलेला उत्साह आहे. मी कॉर्ड सोडून दिले, दोनच तारा ठेवल्या आणि काचेची नळी बोटात घालून त्यांच्या मागोमाग सरकत गेलो. माझी स्वतःची गाणीही त्यानंतर अशीच होत गेली.

ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ मध्ये चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर घरी केलेली कच्ची मुद्रणं पुढे बँडबरोबर करून पाहिली आणि शेवटी 'नेब्रास्का' या अल्बमसाठी घरचीच ठेवली. ते वाचलं तेव्हा फार धीर आला होता.

पोट मात्र यावर चालत नाही. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखादं गाणं वर्षभरात निदान हजार वेळा ऐकलं गेल्याशिवाय त्याचे पैसे सुरू होत नाहीत, आणि कादोडी समजणारी माणसं आहेतच किती! घर चालतं ते मुलांच्या गिटार शिकवण्यांवर आणि डिसेंबर-जानेवारी, मग मे महिन्यातल्या लग्नांच्या हंगामावर. तरीही गाणी तिथे चढवतोच, कारण कॅनडात, आखातात गेलेली आमची मुलं तिथेच ऐकतात.

चढवताना फॉर्मवर गीतकार, संगीतकार विचारतात. तिथे मी 'पारंपरिक' लिहितो. गायिका म्हणून चौघींची नावं घालतो आणि जे येईल त्याचे पाच वाटे करतो. २०१२च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात गायक-वादकांना रॉयल्टीचा हक्क दिला. पण लोकगीत मुद्रित करणाऱ्याचं नाव मोठं आणि गाणारीचं नाव गायब, हे मी फार पाहिलं आहे आणि त्याची मला मनापासून चीड आहे.

सध्या निर्मळ गावच्या एका आजींशी वाद चालू आहे. आमच्या मावशींचं नवरीच्या पाठवणीचं गाणं त्यांना मान्य नाही. तिसरं कडवं आधी येतं, चालही तिथे खाली उतरते, असं त्या ठासून सांगतात. मावशी ऐकून घ्यायला तयार नाहीत. मी निर्मळला जाऊन त्यांचंही मुद्रण केलं. त्यांच्या झीलकरी बायका वेगळ्या, म्हणून गाणंही खरोखर वेगळंच आहे. आता अल्बममध्ये दोन्ही लागोपाठ येतील. आधी कोणाचं, यावर मात्र दोन्हीकडून फोन चालू आहेत.