विद्येचें माप

आमच्या महाविद्यालयांत वर्षाकाठीं असा एक ऋतु येतो, ज्याचा उल्लेख कोणत्याहि पंचांगांत सांपडणार नाहीं. हा तक्ते भरण्याचा ऋतु होय. या दिवसांत ग्रंथालय ओस पडतें आणि कचेरींतले दिवे रात्रीं उशिरापर्यंत जळत राहतात. कोणीं किती निबंध लिहिले, ते कोणत्या नियतकालिकांत आले, इतरांनीं त्यांचा उल्लेख किती वेळां केला, याचा हिशेब जमवून तो वर पाठवावयाचा असतो. यथाकाल निकाल लागतो. क्रमांक वरचा आला तर प्रवेशद्वारावर फलक झळकतो. खालचा आला तर असल्या क्रमांकांना कांहीं अर्थ नाहीं, याबद्दल आम्हां सर्वांचें एकमत होतें.

विद्यापीठांची जागतिक क्रमवारी ही तशी अलीकडचीच गोष्ट आहे. २००३ सालीं शांघाय येथील एका विद्यापीठानें अशी यादी प्रसिद्ध केली. आपल्या देशाचीं विद्यापीठें जगाच्या किती मागें आहेत, हें पाहण्याचा त्यांचा हेतु होता. नोबेल पारितोषिक किंवा गणितांतील फील्ड्स पदक मिळविणारे विद्यार्थी आणि अध्यापक यांना मिळून शंभरांपैकीं ३० गुण. 'नेचर' आणि 'सायन्स' या दोन नियतकालिकांतील निबंधांना २०. अशी ती वांटणी. वर्गांत शिकविणें कसें चालतें, हें पाहणारा रकाना तींत नव्हता. पाहतां पाहतां ती यादी जगभर प्रमाण मानली जाऊं लागली. आपल्याकडे केंद्र सरकारची पहिली राष्ट्रीय क्रमवारी २०१६ सालीं निघाली. तींत अध्यापनालाहि स्थान आहे, हें मान्य केलें पाहिजे.

मोजणीच मुळीं नको, असें म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हे. पदवी हातीं पडल्यावर तीस वर्षांत एक ओळहि न लिहिलेले विद्वान आम्हीं पाहिले आहेत, आणि केवळ मुजऱ्याच्या बळावर वर चढलेलेहि पाहिले आहेत. आंकडा निदान कोणाचा भाचा नसतो. परंतु मोजमाप सुरू झालें कीं माणूस कामाकडे पाहावयाचें सोडून मापाकडे पाहूं लागतो, ही अडचण जुनी आहे.

केंब्रिज येथील गणिताच्या परीक्षेचेंच उदाहरण घ्या. तेथें पहिल्या वर्गांत उत्तीर्ण होणाऱ्या रँग्लरांची यादी क्रमानें लावीत. १८९९ सालीं रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे त्या यादींत अग्रस्थानीं आले आणि 'रँग्लर' हा शब्द आपल्या घराघरांत मराठी होऊन बसला. त्याच यादींत १८४५ सालीं केल्व्हिन आणि १८५४ सालीं मॅक्सवेल दुसरे आले होते. त्यांच्या वर कोण होतें, हें आज कितीजण सांगूं शकतील? क्रमांकासाठीं विद्यार्थी खासगी शिक्षक ठेवून भराभर उदाहरणें सोडविण्याचा सराव करीत; नवें गणित बाजूला राही. स्वतः १८९८ सालीं चौथे आलेले हार्डी या पद्धतीचे कडवे टीकाकार होते. अखेर १९०९ नंतर क्रमवार यादी बंद झाली. जिचा सर्वांत अधिक अभिमान होता, तीच गोष्ट त्या विद्यापीठानें टाकून दिली.

हें सारें आम्ही वर्गांत आवडीनें सांगतों. स्वतःविषयींची एक गोष्ट मात्र सांगावयाची राहिली आहे. २०१० सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें बढतीसाठीं गुणांची पद्धत घालून दिली. आम्ही इतिहास शिकवितों. त्या सुमारास मराठेकालीन बाजारपेठांवर आमचा एक निबंध तयार होत होता. आणखी दोन वर्षें खपलों असतों तर तो बरा उतरला असता. परंतु गुणांची बेरीज कमी पडत होती. तेव्हां आम्हीं एकाचे तीन निबंध केले, आणि त्यांतला एक तर पैसे घेऊन आठ दिवसांत छापून देणाऱ्या नियतकालिकाकडे धाडला. गुण भरले, बढती मिळाली, घरीं पेढे आले.

आमच्या शेजारच्या टेबलावर एक सहकारी मोडी कागद वाचीत बसत. एका परगण्याचें दप्तर, बारा वर्षांची चिकाटी. प्रत्येक कागदाचा सारांश आणि गांवांची व माणसांची सूची. सूचीला तक्त्यांत रकाना नव्हता. त्यांची बढती अडली ती निवृत्तीपर्यंत अडलेलीच राहिली. गुणांची छाननी करणाऱ्या समितींत आम्ही होतों. आम्हीं बेरीज तपासली, ती बरोबर होती, आणि खालीं सही केली.

पुण्याच्या भांडारकर संस्थेंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ सालीं सुरू झालें आणि १९६६ सालीं पुरें झालें. १९२५ पासून त्याची धुरा वाहणारे विष्णु सीताराम सुखठणकर १९४३ सालींच वारले. सत्तेचाळीस वर्षांच्या या कामाला वार्षिक तक्त्यांत कोठें बसवावें, हें आम्हांला आजहि सांगतां येणार नाहीं.

मागच्या महिन्यांत आमच्या एका विद्यार्थिनीला दुष्काळाविषयींचे कांहीं कागद हवे होते, म्हणून तिला घेऊन आम्ही त्या सहकाऱ्यांच्या घरीं गेलों. त्यांनीं ट्रंका उघडल्या. दिवेलागण झाली तरी ती मुलगी सूचीवरून उठेना. चहा पितां पितां ते आम्हांला म्हणाले, "अहो, तुमच्या त्या बाजारपेठांचें पुढें काय झालें? तिन्हींचा मिळून एक चांगला निबंध होईल. कसब्याच्या हाटाचे सोळा कागद आहेत माझ्याजवळ. या एकदां."

त्या तिन्ही निबंधांचे मिळून चार उल्लेख झाले आहेत आणि त्यांपैकीं तीन आमचेच आहेत, हें आम्हीं त्यांना सांगितलें नाहीं. त्या सहीबद्दलहि बोलण्याचें धैर्य अजून झालेलें नाहीं. मात्र आतां दर शनिवारीं आम्ही त्यांच्याकडे जातों. सोळांपैकीं पांच कागद वाचून झाले आहेत. यंदाच्या तक्त्यांत हा निबंध येणार नाहीं. बहुधा पुढच्याहि नाहीं.