परतीची वेळ

बालमित्रांनो, ‘कयाक’ म्हणजे काय, हे आज आई-बाबांना विचारून बघा. त्यांच्या भूगोलाच्या पुस्तकात बर्फाळ प्रदेशाचा धडा असायचा. त्यात इग्लू, स्लेज यांच्याबरोबर ही कयाकही भेटायची. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून बसवलेली, एका माणसापुरती निमुळती होडी! तीत बसून ग्रीनलंडचे इन्युइट लोक सीलची शिकार करत. आता तिची प्लॅस्टिकची भावंडं आपल्या कोकणातही दिसतात. दोन्ही टोकांना पाती असलेलं एकच वल्हं. शीड नाही, इंजीन नाही. जे काय बळ, ते आपल्या दंडात!

अशा दोन कयाक घेऊन एका जानेवारीत मी आणि माझा तेरा वर्षांचा भाचा रेवदंड्याच्या खाडीत गरवायला गेलो. गरवणं म्हणजे गळ टाकून मासे पकडणं. इथे कुंडलिका नदी समुद्राला मिळते. एका बाजूला रेवदंड्याचा कोट, समोर कोर्लईचा किल्ला. आमच्या ओळखीचे एक कोळी नाखवा त्यांच्या होडीतून बरोबर येणार होते.

आदल्या संध्याकाळी आम्ही त्यांच्या ओटीवर बसलो. भाच्याने पहिलाच प्रश्न टाकला, “नाखवा, मासे कुठे मिळतील?”

नाखवा हसले. “बाला, ते मागनं. आधी सांग, परत कसा येशील?”

भाचा गप्प! मग नाखवांनी त्याला तिथी विचारली. भिंतीवरच्या कॅलेंडरात दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती. “चाराची पाऊणपट किती?” “तीन.” “मग तीनला पूर्ण भरती. पहाटे तीनला आणि दुपारीपण.”

आहे की नाही गंमत? चंद्रामुळे भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. तिथीमागे पाऊण तास धरला की वेळेचा अंदाज येतो. मुंबई-अलिबागकडे हा हिशेब बराचसा जुळतो. नेमकी वेळ मात्र भरती-ओहोटीच्या कोष्टकात बघायची, आणि आम्ही ती बघितलीही.

पहाटे तीनला भरती, म्हणजे सकाळी नवाच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. साडेसातला निघालो की ओसरतं पाणी आपल्याला खाडीच्या मुखाकडे नेईल. नवानंतर भरतीचं पाणी आत शिरू लागलं, की तेच आपल्याला घरी आणेल. पाण्याशी भांडायचं नाही, त्याच्या पाठीवर बसायचं!

दुसरा हिशेब वाऱ्याचा. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा. ऊन चढलं की जमीन भराभर तापते आणि समुद्राकडून खारा वारा सुटतो. खाडीच्या मुखाशी पाणी उथळ असलं, तर तिथे लाटा उभ्या राहतात. लहान होडीने त्याआधीच आत यायला हवं.

“दहाला फिरायचं,” नाखवांनी ठरवलं. मग आत वळून काकींना सांगितलं, “अकराला धक्क्यावर नाय दिसलो, तर १५५४ ला फोन लाव.” हा तटरक्षक दलाचा, समुद्रात अडकलेल्यांच्या मदतीचा नंबर.

सकाळी लाइफ जॅकेट घालून आम्ही निघालो. गळाला कोळंबी लावली होती. पहिला लागला शिंगाळा. भाचा हात लावणार, तोच नाखवा ओरडले. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना विषारी काटे असतात. त्यांनी फडक्यात धरून त्याचा गळ काढला. मग तासभर काहीच नाही. नवानंतर भरती सुरू झाली आणि पावणेदहाला भाच्याची दोरी ताणली. वीतभर जिताडा! भाचा नाचायचाच बाकी होता. पण नाखवांनी तो पाण्यात सोडायला लावला. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. लहानच खाऊन टाकले, तर अंडी घालायला उरणार कोण?

लगेच दुसरा झटका बसला. या वेळी मासा मोठा होता. गळ तोडूनच पळाला. भाच्याने नवा गळ बांधायला घेतला आणि नाखवा म्हणाले, “दहा वाजले.”

“मामा, फक्त दहा मिनिटं! आत्ता तर मासे यायला लागलेत!”

मोह मलाही होत होता. नाखवा मात्र काही न बोलता आपली दोरी गुंडाळू लागले. आम्ही फिरलो. भाचा वाटेत एक शब्द बोलला नाही. मागे वारा वाढत होता. वळून पाहिलं, तर खाडीच्या मुखाशी लाटांवर पांढरा फेस दिसू लागला होता.

धक्क्यावर काकी उभ्या होत्या, हातात मोबाइल. त्यांनी आमच्याकडे बोट करून मोजलं, एक, दोन, तीन. मग मोबाइल कमरेला खोचून टोपली उचलली आणि निघाल्या.

जेवताना भाच्याने हळूच विचारलं, “काकी, तुम्ही कधीपासून उभ्या होतात?”

“दहापासून,” त्या म्हणाल्या, “मासा पडला का पानात?”

त्यानंतर भाच्याचा रुसवा कुठे पळाला कोण जाणे! आपली ती दहा मिनिटं काकींनी धक्क्यावर कशी मोजली असती, हे त्याला न सांगताच कळलं होतं.

मुलांनो, किल्ल्यावर जा, नदीवर पोहायला जा, नाहीतर सायकलवर लांब भटका. निघण्याआधी परतीचा हिशेब करा. कुठे जातोय आणि कधी येणार, हे घरी सांगा. एकदा सांगितलेली वेळ आपल्या एकट्याची राहत नाही. घरी कुणीतरी ती मोजत बसलेलं असतं.

आणि जिताडा? तो काय, पुढच्या चतुर्थीलाही मिळेल!