आधी मोटर मोजावी, मग चिप घ्यावी

वाइंडिंगचा धंदा म्हणजे बोटांचा आणि डोळ्यांचा धंदा. घाटंजीत आम्ही बापलेक पंपाच्या मोटरी आणि स्टॅबिलायझरचे ट्रान्सफॉर्मर भरून देतो. बॉबिनवर तारेला तार लागून बसली नाही, तर वेढे मावत नाहीत. म्हणून तार सरकवून देणारे यंत्र घरीच करायचे ठरविले. त्यासाठी स्टेपर मोटर लागते. ही मोटर पायरी-पायरीने फिरते. २०० पायऱ्यांचा एक फेरा. प्रश्न होता तिला चालविणाऱ्या सर्किटचा. जळालेल्या चिपचे पैसे कोणी परत देत नाही, म्हणून विचार करूनच खरेदी करायची होती.

आमची मोटर बायपोलर. दोन कॉइल, चार तारा. प्रत्येक कॉइलमध्ये करंट एकदा इकडून, एकदा तिकडून सोडावा लागतो. त्यासाठी कॉइलमागे चार स्विचांचा एक एच-ब्रिज हवा. पाच-सहा तारांच्या मोटरीला चालणारी यूएलएन२००३ ही स्वस्त चिप करंट उलटवीत नाही, म्हणून ती बाद.

लेकीने मीटर लावला. कॉइल दीड ओहमची, पाटीवर करंट १.७ अँपिअर. सरळ १२ व्होल्ट दिले, तर ओहमच्या नियमाने ८ अँपिअर ओढणार! जळक्या वार्निशचा वास वाइंडिंगवाल्याला सांगावा लागत नाही. एल२९८ मध्ये दोन ब्रिज असतात, पण ती स्वतः करंट आवरीत नाही. कॉइल ३० ओहमची असती, तर ०.४ अँपिअरच गेला असता आणि ती चालली असती.

शेवटी ए४९८८ घेतली. करंट ठरविलेल्या मर्यादेला पोचला की ती पुरवठा तोडते, उतरला की पुन्हा जोडते. सेकंदाला हजारो वेळा. मर्यादा बारीक स्क्रूने लावता येते. ओझे फक्त तार सरकविण्याचे, म्हणून एक अँपिअर पुरला. डीआरव्ही८८२५ त्याहून जास्त सोसते, पण आम्हाला गरज नव्हती. पुरवठ्याच्या टोकांना १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. वीज चालू असताना मोटरीची तार मात्र कधी ओढू नये. चिप तिथेच जाते.

महाग चिप म्हणजे योग्य चिप नव्हे. पाटी वाचा, ओहम मोजा, ओझे पाहा आणि मगच खिशात हात घाला. आणि बंधू-भगिनींनो, मुलगा असो की मुलगी, लेकरांच्या हाती मीटर लवकर द्या. शाळेतला नियम तेव्हाच घरच्या कामाला येतो.