सातबारा धावू लागला

कोकणातल्या माणसाला दोन घरे असतात. एक मुंबईत, ज्यात तो राहतो. आणि दुसरे गावी, ज्यावरून तो भांडतो. मी स्वतः मालवणी मुलखातला असल्यामुळे हे म्हणायचा मला अधिकार आहे.

या दुसऱ्या घराचा, त्याच्या परसातल्या माडांचा आणि वरच्या कातळाचा जीव एका कागदात असतो. तो सातबारा. वास्तविक हे दोन कागद. गाव नमुना सात सांगतो जमीन कुणाची. गाव नमुना बारा सांगतो तीत पिकते काय. संगणकाचे नावही कुणी ऐकले नव्हते तेव्हाच ते एका पानावर आले. हल्ली दोन दप्तरे यंत्राने जोडण्याचे जे कौतुक चालते, त्याचा मूळपुरुष मला हा सातबाराच वाटतो.

पण जमीन विकली की कागदाची खरी यात्रा सुरू होई. खरेदीखत नोंदवायचे दुय्यम निबंधकाकडे आणि नाव बदलायचे तलाठ्याच्या दप्तरात. पहिल्याने दुसऱ्याला कळवावे, असे १९६६ च्या जमीन महसूल संहितेतले कलम १५४ सांगते. कळवीतही असत. पण सूची क्रमांक दोनच्या नकला गठ्ठ्यात बांधल्या जात, गठ्ठा तहसिलीत जाई आणि तिथून तलाठ्याच्या सजात. (तलाठ्याच्या हद्दीला ‘सजा’ हे नाव कुणी दिले कोण जाणे, पण खेपा घालणाऱ्याला ते चपखल वाटे.) मध्ये पावसाळा, मध्ये चतुर्थी, मध्ये निवडणूक. शेवटी घेणारा स्वतःच नक्कल खिशात घालून एस्टीत बसे.

आता हे चालणे संपले. नोंदणी खात्याची ‘आय-सरिता’ आणि महसूल खात्याची ‘ई-फेरफार’ या दोन प्रणाली एकमेकींना जोडल्या आहेत. सरिता म्हणजे नदी. नाव ठेवणारा रसिक असला पाहिजे. दस्त नोंदला की त्यातला मजकूर आपोआप तहसिलीत पोचतो, फेरफाराला क्रमांक पडतो, नमुना नऊची नोटीस निघते. पंधरा दिवस हरकतीची वाट पाहायची, मग मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची, की सातबाऱ्यावर नाव बदलले. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपयांत तो दादरला बसून काढता येतो. वारसाच्या नोंदीसाठीसुद्धा ‘ई-हक्क’वर घरबसल्या अर्ज करता येतो.

माझ्या चुलतभावाला, आमच्या दादाला, यात नवल वाटत नाही. तो अंधेरीच्या एका व्यापारी कंपनीत हिशेब पाहतो. तिथे दुकानदाराने मागणी नोंदवली की गुदामातून माल निघतो, बिल तयार होते, खात्यावर रक्कम चढते; एकही आकडा कुणी पुन्हा लिहीत नाही. “एकच आकडा चौघांनी चार वह्यांत लिहायचा आणि मग त्या जुळत का नाहीत म्हणून रात्र जागवायची, ही मेहनत नव्हे, मूर्खपणा!” असे तो म्हणतो. मला ते पटते. मात्र ज्यांचा यंत्राला उलगडा होत नाही अशी प्रकरणे बाजूला पडतात, आणि ती पाहायला एक जुना कारकून अजून ठेवलेला आहे. दादा त्याला गमतीने ‘आमचा तलाठी’ म्हणतो.

काका गेले तेव्हा दादाने एका रविवारी अंधेरीहूनच अर्ज केला. मृत्यूचा दाखला जोडला, स्वतःचे आणि धाकट्या भावाचे नाव घातले. अर्जात काहीही खोटे नव्हते. पण सातबाऱ्यावर काकांच्या नावापुढे तीन अक्षरे होती : ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. १९६१ साली आजोबा वारले, तेव्हा थोरला मुलगा म्हणून काकांचे नाव लागले. बाकीचे त्या तीन अक्षरांत राहिले. माझे वडील त्यांत होते. माझी आत्याही होती, कारण १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीलाही वाटा आला होता. ती लवकर विधवा होऊन माहेरी आली आणि गेली पन्नास वर्षे त्या घरात दिवा लावते आहे. सगळा गाव हे जाणतो. जुन्या तलाठ्यांनाही ते माहीत होते, कारण त्यांनी तिच्या ओटीवर बसून चहा घेतला होता.

वाडीतल्या एका मुलाने चावडीवरच्या नोटिशीचा फोटो मला धाडला. तो नववा दिवस होता. मी दादाला फोन केला.

“अरे, बाबांचे वारस विचारले, ते मी दिले,” दादा म्हणाला. “आतेचा रकाना होता कुठे?”

त्याने हे मुद्दाम केले असे मी म्हणणार नाही. कातळाला गिऱ्हाईक आले होते, एवढे मात्र खरे. नोंद प्रमाणित झाली असती तर खरेदीखताच्या वेळी सातबाऱ्यावर दोनच मालक दिसले असते, आणि पुढचा सारा प्रवास आपोआप, बिनचूक, विनाविलंब झाला असता.

चौदाव्या दिवशी आत्याने तलाठ्याकडे हरकत दिली. (२०२४ पासून तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आत्याला हे कुणी सांगितलेले नाही.) नोंद नमुना सहा-अ मध्ये, म्हणजे वादाच्या प्रकरणांत, गेली आणि यंत्र थांबले. अभिलेख कक्षातून जुना हस्तलिखित फेरफार काढला. शाई विटली होती, पण खाली सर्व भावंडांची नावे होती. आत्याचेही.

सुनावणीला दादा आला होता. तो काही बोलला नाही; आत्यासाठी त्याने खुर्ची ओढून दिली. मंडळ अधिकाऱ्यांनी जुना फेरफार वाचला, मग तिचे आधार कार्ड पाहिले. एकावर माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे.

“आजी, यातले कुठले लिहू?”

आत्याने थोडा विचार केला.

“दोनय लिवा,” ती म्हणाली. “जागा आसा ना?”

साहेब चष्मा लावून पडद्यावरचा रकाना निरखू लागले.