येळ्ळूरच्या गडावरून आपले शिवार

अनगोळहून दक्षिणेस निघून येळ्ळूरचे शिवार ओलांडले की, एक डोंगर इतरांपासून अलग उभा असलेला दिसतो. माथ्यावर तटाची रेघ स्पष्ट उमटलेली असते. हाच येळ्ळूरगड, राजहंसगड हे त्याचेच दुसरे नाव. बेळगाव शहर मुळातच समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० फूट उंचीवर वसलेले असल्यामुळे हा गड चढावयास फारसे श्रम पडत नाहीत. रविवारचे मिस्साबलिदान आटोपावे, भाकरी, पिठले व लसणीची चटणी फडक्यात बांधून घ्यावी आणि सायंकाळच्या जपमाळेस घरी परतावे, इतकीच ही सहल. भात कापणीस आलेले असते ते दिवस तिला सर्वांत उत्तम.

आता गडाच्या जवळपर्यंत डांबरी सडक झाली आहे. तरीपण पायथ्यापासून मुलांना चालतच न्यावे. वाटेत त्यांच्या हाती दगड द्यावेत. या मुलखातील काळा दगड म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीतून वर आलेला तप्त रस थिजून झालेला कातळ होय. ऊनपावसाने दगड झिजत गेला, त्यातील पुष्कळसे अंश वाहून गेले, लोखंड मागे राहिले आणि तांबडा जांभा तयार झाला. निर्मात्याच्या कामात घाई कशी ती नाही, हे बालकांना पुस्तकापेक्षा असा दगड अधिक चांगले शिकवितो.

दरवाजातून आत गेले की तटबंदीच्या आत मोकळे पठार लागते. तेथे सिद्धेश्वराचे मंदिर आहे, विहीर आहे, आणि मार्च २०२३ मध्ये अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा आहे. आपल्या हिंदू शेजाऱ्यांचे हे श्रद्धास्थान. आपण येथे पाहुणे आहोत, हे ध्यानात ठेवून शांतपणे वागावे व उष्टेखरकटे परत न्यावे.

मग तटाशी जाऊन सभोवार पाहावे. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या रांगा निळसर दिसतात. त्या बाजूच्या खानापूर तालुक्यातच मलप्रभा व म्हादई या दोन्ही नद्यांचा उगम आहे. एक कृष्णेला मिळून पूर्वसमुद्राकडे जाते, दुसरी गोव्यातून पश्चिमसमुद्राला मिळते. उत्तरेकडे वळले म्हणजे मात्र आपलेच घर दिसते: येळ्ळूर, अनगोळ, वडगाव, शहापूर आणि मध्ये पसरलेली भातशेती.

बेळगाव बासमती या नावाने ज्या सुवासिक तांदळाची कीर्ती झाली, तो याच काळ्या जमिनीतला. भात कापून झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर येथला शेतकरी मसूर, हरभरा, वाटाणा घेतो. एकाच पावसावर दोन पिके, अशी या मातीची पुण्याई आहे.

परंतु डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्यास दुसरेही काही दिसते. शहराची घरे भाताच्या बांधापर्यंत येऊन भिडली आहेत. बासमतीचे ताट उंच, वाऱ्याने लोळणारे, उतारा कमी. म्हणून अधिक पिकणाऱ्या जातींनी तिची जागा घेतली. बळ्ळारी नाला पावसाळ्यात फुगतो आणि उभे पीक पाण्याखाली जाते. हलगा ते मच्छे हा बगलरस्ता याच सुपीक पट्ट्यातून आखला गेला, आणि जमीन वाचावी म्हणून शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे न्यायालयात दाद मागितली. रस्ता हवा, घरेही हवीत, हे कोण नाकारील? पण जमीन एकदा खडीखाली गेली की, तिच्यातून पुन्हा दाणा येत नाही. बांधावरून ही गोष्ट एका शेताची वाटते. गडावरून ती सर्व गावांची आहे, असे दिसून येते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढून पृथ्वीला आपले सामाईक घर म्हटले. ज्यांना हा शब्द जड वाटत असेल, त्यांनी आपल्या मुलाबाळांसह या तटावर उभे राहावे. त्याचा अर्थ पायाखाली पसरलेला दिसेल.

शुभवर्तमानातील रूपांतराचा प्रसंग येथे आठवतो. पेत्र, याकोब व योहान यांना घेऊन प्रभू येशू डोंगरावर गेला. ते तेज पाहून पेत्राला वाटले, येथेच तीन मंडप उभारून राहावे. पण प्रभूने त्यांना खाली आणले, आणि खाली एक पिता आपल्या आजारी मुलाला घेऊन त्याचीच वाट पाहत होता. डोंगरावर जे पाहिले, त्याचे काम सपाटीवर करावयाचे असते.

तेव्हा कुटुंबप्रमुखांनो, गड उतरताना मुलांना विचारा, आपल्या ताटातला भात कोणत्या शेतातून आला? ज्यांची जमीन आहे, त्यांनी एखाद्या वाफ्यात तरी जुन्या बासमतीचे बी राखावे. ज्यांची नाही, त्यांनी सुगीत तो तांदूळ शेजारच्या शेतकऱ्याकडून योग्य दराने विकत घ्यावा. आणि विकावयाचा प्रसंग आलाच, तर कागदावर सही करण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून प्रार्थना करावी व मगच निर्णय घ्यावा. कारण त्या सहीवर न जन्मलेल्यांचाही घास अवलंबून असतो.