लाखेचा पडदा

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात कामासाठी पहिल्यांदा शिरले तेव्हा सरांनी माझ्या हातात ब्रश दिला नाही, बॅटरी दिली. "आधी महिनाभर नुसतं बघ," म्हणाले. बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून धरली की उजेड तिरपा पडतो आणि समोरून सपाट वाटणारी भिंत बोलू लागते. कुठे फुगवटा, कुठे सुटत आलेली खपली, कुठे किडीने पाडलेली बारीक भोकं. बोटाच्या पेराने हलकेच वाजवलं तर पोकळ जागेचा आवाज वेगळा येतो. भिंतीची नाडी बघायला मी अशी शिकले.

अजिंठ्याची चित्रं ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. खडबडीत कातळावर मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू. त्यावर पांढरा पातळ हात. तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, काजळी, आणि पाचव्या शतकातल्या लेण्यांत लांबून आणलेल्या लाजवर्दाचा निळा. रंग भिंतीत मुरलेला नाही, तिच्यावर नुसता बसलेला आहे. पाणी झिरपलं, दमट हवा कोंडली, किडीने तूस खाल्लं, की गिलावा रंगासकट सुटतो.

पण मला जास्त सलतं ते मायेपोटी झालेलं नुकसान. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने याच दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपलं नाव कोरलं. तो ओरखडा निदान ओरखडा म्हणून ओळखू येतो. पुढे जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन वर्षानुवर्षं नकला करत राहिले आणि रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर व्हार्निश फिरलं. त्यांतल्या बऱ्याच नकला १८८५ साली लंडनमधल्या एका आगीत गेल्या. ग्रिफिथ्सच्या आधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बऱ्याच नकला तर १८६६ मध्येच जळाल्या होत्या. व्हार्निश मात्र भिंतीवर राहिलं.

१९२० च्या सुमारास निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. निसटू पाहणारा गिलावा त्यांनी पुन्हा पक्का बसवला, ते उपकार विसरता येणार नाहीत. पण रंग धरून राहावा म्हणून त्यांनी लाखेचा लेपही दिला. लाख जुनी होते तशी पिवळी-तांबूस पडते, धूळ पकडते, आखडते आणि आखडताना खालचा रंग उचलते.

तो पडदा काढणं म्हणजे द्रावणात बुडवलेला कापसाचा बोळा, भिंग आणि धीर. बोळा पिवळा झाला की टाकायचा, नवा घ्यायचा. बोळ्यावर गेरूची पुसटशी छटा जरी आली तरी हात तिथेच थांबवायचा. तळहाताएवढ्या जागेत दिवस जातो. संवर्धक मॅनेजर सिंग यांच्या देखरेखीखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने नवव्या आणि दहाव्या लेण्यात अशीच सफाई केली, तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीचे चेहरे पुन्हा दिसू लागले.

जे पुन्हा काढता येणार नाही ते भिंतीला लावायचं नाही, हा आम्हा संवर्धकांचा पहिला नियम. पण भिंतीला धोका नुसत्या लेपांचा नाही. अजिंठा १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. यादीने जगाचं लक्ष आणलं, गर्दीही आणली. चाळीस माणसांच्या श्वासाने लेण्यातली हवा किती दमट होते, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

तुम्ही जाल तेव्हा पाठीवरची सॅक पुढे घ्या, ती खांबाला घासते. फ्लॅश बंद ठेवा. आत गेल्यावर लगेच काही दिसणार नाही. पाच-दहा मिनिटं शांत उभे राहा, डोळे अंधाराला सरावू द्या. चित्रं आपण होऊन दिसू लागतात.