पोच

निरोपाला उत्तर आले म्हणजे तो योग्य ठिकाणी पोचला, असे आपण सहज धरून चालतो. मालेगावातल्या आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नवा सर्व्हर बसवला, तेव्हा हा समज आम्हांला तपासून पाहावा लागला. मराठी आणि उर्दू पुस्तकांच्या सूची तोवर वेगवेगळ्या कपाटांत, वेगवेगळ्या कार्डांवर होत्या. मोसमच्या एका काठावरच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या काठाच्या भाषेतले पुस्तक हवे असले, तर ते आहे हे कळण्याचीच पंचाईत. आता दोन्ही सूची प्रथमच एकत्र येणार होत्या. पण वाचनकक्षातले संगणक नव्या सर्व्हरशी कधी जोडले जात, कधी नाही.

तंत्रज्ञाने आधी केबलजवळचा दिवा पाहिला आणि मग 'पिंग' सुरू केले. हा छोटा प्रोग्राम माइक म्यूस या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. नाव सोनारच्या आवाजावरून घेतले. पिंगच्या संदेशात सांगण्यासारखे काहीच नसते. समोरच्या यंत्राने तो जसाच्या तसा परत पाठवायचा, इतकेच. साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे रोमान याकबसन आठवावा. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने भाषेची सहा कार्ये सांगितली. त्यांतले एक, संपर्क चालू आहे ना, एवढेच पाहणारे. त्याचे नाव त्याने मालिनोव्स्कीच्या १९२३ च्या लेखनातून उचलले होते. 'काय, बरे आहे ना?' किंवा 'सब खैरियत?' ही त्याच जातीची वाक्ये. अर्थापेक्षा त्यांत पोच महत्त्वाची.

तपासणीचा क्रम आतून बाहेर असा होता. प्रथम सर्व्हरने स्वतःलाच हाक मारली, १२७.०.०.१ हा पत्ता प्रत्येक यंत्राने स्वतःपुरता राखलेला असतो. उत्तर आले. मग शेजारच्या संगणकावरून सर्व्हरला हाक गेली. येथेही उत्तरे आली. तरी सूची मात्र उघडेना. आम्ही सारे सूचीच्या प्रोग्रामलाच दोष देऊ लागलो होतो.

तेव्हा तंत्रज्ञाने एक साधी गोष्ट केली. सर्व्हरची केबल काढली आणि पुन्हा पिंग केले. उत्तर आले, अगदी वेळेवर.

उत्तर देत होता कार्यालयातला जुना प्रिंटर. नव्या सर्व्हरला दिलेला पत्ता कित्येक वर्षे त्याच्याकडेच होता. 'हा पत्ता कोणाचा?' असे संगणक साऱ्या जाळ्याला विचारतो. दोन यंत्रे 'माझा' म्हणत. ज्याचे उत्तर ग्राह्य धरले जाई, त्याच्याकडे पुढचे निरोप काही काळ जात राहत. सर्व्हरला मोकळा पत्ता दिल्यावर काम काही मिनिटांत झाले. पत्त्यांची एक नोंदवहीही तेव्हाच सुरू झाली.

सूची आता दोन्ही लिपींत शोधता येते. मात्र मनात राहिला तो काढलेल्या केबलनंतरचा क्षण. या गावात दोन काठांमध्ये खुशाली विचारणे कधी थांबत नाही. दुकानात, बसस्थानकावर, ईद-दिवाळीला ती विचारली जाते, आणि ती हवीच. परंतु तेवढ्यावर आपण एकमेकांना ओळखतो असे मानावे का? एकमेकांची किती पुस्तके आपण वाचली, हा प्रश्न त्यापुढचा आहे. प्रिंटरची उत्तरेही तत्पर आणि बिनचूक होती. त्याच्याजवळ पुस्तके नव्हती, इतकेच.